नोकरी, एमबीए आणि घर : डिसेंबरला नऊच्या नऊ पेपर भरू का?

अर्धी_पोळी
नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायला आज सुरुवात करतेय. रात्रीचे पावणेबारा झालेत आणि समोर असाइनमेंटची वही उघडी पडली आहे.

मी ३४ वर्षांची. राहायला नागपुरात खामल्याला, हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीचे अकाउंट्स बघते. बी.कॉम. झाल्यापासून तेच काम. ज्यांना मी व्हाउचर कसं लावायचं ते शिकवलं अशी दोन पोट्टी आता माझी साहेब आहेत, कारण त्यांच्याकडे एमबीए आहे. म्हणून यंदा जानेवारीत इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात, दूरस्थ एमबीएला नाव घातलं. एका सत्राला सात विषय. जूनमध्ये सातही दिले, पाच निघाले, दोन गेले. डिसेंबरला ते दोन आणि नवे सात, म्हणजे नऊ.

नवरा बुटीबोरीला, दर आठवड्याला पाळी बदलते. मुलगी पाच वर्षांची. सासूबाई ६६ च्या, गुडघे धरलेत, तरी दुपार त्याच सांभाळतात.

परवा तान्हा पोळा झाला. लेकीच्या लाकडी नंदीला मी शिंगांना बेगड लावून देईन, झूल शिवून देईन असं कबूल केलं होतं. त्याच दिवशी ऑफिसात काम निघालं, आणि नंतर असाइनमेंट. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या मुलाच्या नंदीसोबत तिचाही सजवला. ती काही बोलली नाही. झोपताना तेवढा नंदी आणून माझ्या वहीवर ठेवला आणि म्हणाली, "हा इथंच झोपेल."

परीक्षेचा फॉर्म भरायचाय. नऊ भरू, निम्मे भरू, की सोडून देऊ? वेळेचं नियोजन करा असं कृपया सांगू नका. नियोजनाची एक्सेल माझ्याकडे आहे, रंगीत आहे.

तर्रीबाज
पहिला! अर्ध्या पोळीनं कोणाचं पोट भरलं आहे काय ताई? पूर्ण करा. पोहे खात खात वाचून राहिलो.

पहाटेचा_कोंबडा
ताई, मनात असलं की होतं. मी स्वतः नोकरी करून एमबीए केलं. दोन पोरं लहान होती. रोज पहाटे चारला उठायचो, साडेसहापर्यंत अभ्यास, आठला घरातून बाहेर. दोन वर्षांत एक दिवस खंड नाही. लग्नं, वाढदिवस, पिक्चर सगळं बंद. लोक टीव्ही बघतात, मोबाईल चाळतात आणि मग वेळ नाही म्हणतात. नऊच्या नऊ भरा. कमी भरले की माणूस ढिला पडतो. आज मी ज्या पदावर आहे ते त्या पहाटेच्या अडीच तासांमुळे.

बर्डी_जंक्शन
एमसीए इग्नूतून केलं आहे, नोकरी सांभाळून. काही गोष्टी आधी स्पष्ट करतो, कारण तुम्ही "सोडून देऊ का" विचारता आहात आणि ती पाळी अजून आलेलीच नाही.

एमबीए कमीत कमी दोन वर्षांचं असलं तरी जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येतं. परीक्षा जून आणि डिसेंबर, वर्षातून दोनदा. नऊ विषय लागू आहेत म्हणजे नऊ पेपर द्यायलाच हवेत असं नाही. फॉर्मवर जेवढ्यांवर खूण कराल तेवढेच, फीसुद्धा पेपरमागे. डिसेंबरला न दिलेला पेपर जूनला द्या, तो नापास धरत नाहीत. असाइनमेंटचे ३० टक्के, लेखीचे ७०. म्हणून असाइनमेंट सगळ्या वेळेत टाका आणि पेपर मोजके घ्या.

गेलेले दोन कोणते? अंदाज सांगू? एक नक्की क्वांटिटेटिव्ह, म्हणजे आकडेमोडीचा, असणार.

अर्धी_पोळी
@बर्डी_जंक्शन, तुम्ही पत्रिका बघता का? क्वांटिटेटिव्हच. दुसरा इकॉनॉमिक्स.

बर्डी_जंक्शन
मग हे दोन आधी धरा. नव्यांतला फायनान्शिअल मॅनेजमेंट तुमच्या हातचा मळ आहे, तोही घ्या. वर अजून एखाद-दुसरा. पाचाच्या पुढे जाऊ नका.

मी सगळं मेट्रोत वाचलं. लोकमान्य नगरला चढायचो, सीताबर्डीला गाडी बदलून खापरीकडे. जाताना वाचायचं, येताना तेच आठवायचं. घरी पुस्तक उघडलंच नाही म्हटलं तरी चालेल. तुमचा रस्ता वेगळा आहे, स्कूटीवर वाचता येत नाही, पण आठवता येतं.

वाळ्याची_ताटी
कोंबडा भाऊ, रागावू नका, मी निवृत्त मास्तरीण आहे, प्रश्न विचारायची सवय जात नाही. पहाटे चारला चहा कोण करून देई? आठच्या डब्याची भाजी कोण चिरे? दोन पोट्ट्यांना आंघोळ घालून शाळेत कोण सोडे?

पहाटेचा_कोंबडा
काकू, बायको घरीच होती. तिचा पाठिंबा होताच, नाही कोण म्हणतं.

वाळ्याची_ताटी
पाठिंबा पाठीला असतो, भाऊ. तुम्ही सांगून राहिले ते सगळं हातांचं काम आहे.

तर्रीबाज
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काकूंनी छडी काढली.

पोळ्याचा_बैल
काकूंना +१०००. बाईनं पहाटे चारला उठून अभ्यास केला तर साडेपाचला कुकर लावून केला असं समजावं.

कशाला_उगाच
मी वेगळं बोलतो, कडू लागेल. दूरस्थ एमबीएला बाजारात काडीची किंमत नाही. चार वर्षं घासून कागद मिळेल, आणि तो साहेब तेव्हाही म्हणेल, "हे रेग्युलर नाही." त्यापेक्षा जीएसटी, टॅलीचं पुढचं काहीतरी सहा महिन्यांत शिका, पगार वाढवून मागा, नाही दिला तर कंपनी बदला. लेकीचं बालपण परत येत नाही.

बँकेतला_रविवार
@कशाला_उगाच, अर्धं मान्य. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. सरकारी, बँक, बढतीच्या यादीत ती चालते. खासगीत मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते यूजीसी बदलू शकत नाही, हेही खरं.

ताई, तुमच्याच कंपनीत विचारून ठेवा की ही पदवी झाल्यावर नेमकं काय होईल. शक्यतो ईमेलवर. आमच्याकडे सोपं असतं. जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा झाली की इन्क्रिमेंट ठरलेली. चार पेपर, बहुतेक रविवारी. माझे ते रविवार गेले तेव्हा बायको म्हणाली, "इन्क्रिमेंटमधला निम्मा माझा." आजतागायत देतो.

कशाला_उगाच
ईमेलवर विचारायचा सल्ला आवडला. बाकी मताशी ठाम.

हातखर्च
एवढं कशाला डोकं लावता? असाइनमेंट तयार मिळतात. हातानं लिहिलेल्या, शिक्क्यानिशी म्हणाल तशा. कोणत्याही झेरॉक्सवाल्याला विचारा. त्या रात्री पोरीला द्या.

बर्डी_जंक्शन
देऊ नका हा सल्ला. एकाच मजकुराच्या दहा वह्या तपासणाऱ्यासमोर येतात, त्याला काय कळत नाही? आणि असाइनमेंट लिहितानाच तर निम्मा अभ्यास होतो.

हातखर्च
तुम्ही मेट्रोवाले. आमच्यासारखा दहा तास मार्केटमध्ये फिरणारा माणूस रात्री २० पानं लिहू शकत नाही. अक्षर बघून डॉक्टर समजतील.

अर्धी_पोळी
हातखर्च दादा, मोह झालाय, खोटं कशाला बोलू. पण लेकीसमोर लिहिते ना मी. ती बाजूला तिची वही घेऊन बसते, मी लिहीन तितक्या ओळी तीही भरते. जूनच्या एका असाइनमेंटमध्ये मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर तिनं हत्ती काढून ठेवला होता. दोन रेषा जिथं छेदतात तिथं सोंड. पान पुन्हा लिहावं लागलं. जुनं पान जपून ठेवलंय.

महालकर_वकील_होणार
अवांतर: मी सरकारी कार्यालयात लिपिक. एलएलबी दूरस्थ होईल का? संध्याकाळचं कॉलेज कोणी सुचवेल का? वय ३८.

बँकेतला_रविवार
दूरस्थ एलएलबी बार कौन्सिल मानत नाही. आणि बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत कायद्याचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत घ्यायचे असं आहे, हजेरी ७० टक्के. म्हणजे सहाला ऑफिस सुटल्यावर जाऊन वकील होता येत नाही. सकाळच्या तासांचं कॉलेज आणि तुमच्या कार्यालयाची वेळ जुळते का ते बघा. आणि आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, नाही तर पुढे तीच पहिली केस तुमची.

महालकर_वकील_होणार
आयडी बदलावा लागते आता.

शून्य_मैल
महालकर भाऊ, "होणार" तसंच ठेवा, निव्वळ "वकील" काढून टाका. काही ना काही होईनच.

सी_शिफ्ट
उशिरा लिहितोय. ताईंच्या नवऱ्याच्या बाजूनं आणि माझ्याही बाजूनं.

मी बुटीबोरीतच. डिप्लोमा करून लागलो. नंतर दूरस्थ पदवी घ्यायची म्हणून नाव टाकलं. पाळ्या फिरत्या असल्या की माणसाचं घड्याळ म्हणजे दुसऱ्याच्या हातातली दोरी. ए पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी बरं वाचून व्हायचं. बी पाळीत दिवस मोकळा दिसतो पण घरची सगळी कामं त्यातच. आणि सी पाळीहून, म्हणजे रात्रपाळीहून, सकाळी आलं की पुस्तकातली ओळ तीनदा वाचायची आणि चौथ्यांदा नवीन वाटायची.

तिसऱ्या वर्षी बाबांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. मी सोडून दिलं. कोणी सोड म्हटलं नाही, कोणी सोडू नको असंही नाही. एकदा सी पाळी करून, बाबांना दवाखान्यात सोडून, गाडीवर घरी येत होतो तर वर्धा रोडवर डोळा लागला. सेकंदभर. ट्रकच्या हॉर्ननं उघडला. घरी आलो आणि पुस्तकं सुतळीनं बांधली.

ती माळ्यावर आहेत. दर दिवाळीच्या साफसफाईत गठ्ठा खाली येतो, बायको फडक्यानं पुसते, मी परत वर ठेवतो. सोडल्याचं वाईट वाटतं का? दिवाळीच्या त्या दिवशी वाटतं. बाबा नंतर तीन वर्षं होते आणि त्या तीन वर्षांत मी त्यांच्याजवळ होतो, एवढं आहे.

ताई, झोप विकून अभ्यास करू नका. हिंगणा रोडला ट्रकची गर्दी काय असते ते तुम्हाला सांगायला नको. बाकी निर्णय तुमचा. आणि नवऱ्याला सी पाळीच्या आठवड्यात काही म्हणू नका, तो तेव्हा नवरा नसतो.

पोळ्याचा_बैल
सी_शिफ्ट दादा, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो. बाकीचं वाचून गप्प बसलो.

वाळ्याची_ताटी
सी_शिफ्ट, माळ्यावरची पुस्तकं वाळवी लागण्याआधी कोणाला देऊन टाक रे बाळा. किंवा खाली काढ. दोन्ही चांगलं.

मी प्राथमिक शिक्षिका होते, डी.एड. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं तेव्हा विद्यापीठ नवंनवं होतं, १९८९ ला सुरू झालेलं. मोठा दहावीत होता. दोघं एकाच टेबलाला, मधे एकच दिवा. त्याला वाटे आई त्याच्यावर लक्ष ठेवून बसली आहे. मला वाटे तो माझ्यावर ठेवून आहे. सासूबाई म्हणत, "या वयात कायले?" पण निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन गल्लीभर त्याच फिरल्या, आणि सांगत फिरल्या की सून माझ्याच्यानं शिकली. खरंच होतं ते.

तर्रीबाज
वातावरण लय जड होऊन राहिलं. पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली का सगळ्यांनी एकच ओरडायचं: "ईडा, पीडा, असाइनमेंट घेऊन जा गे मारबत!"

शून्य_मैल
आणि मारबतीच्या मागं क्वांटिटेटिव्हचा वेगळा बडग्या, म्हणजे पुतळा. मोठा.

अर्धी_पोळी
चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण काकूंचा प्रश्न मी स्वतःलाच विचारत होते. माझ्या घरी हातांचं काम कोण करतं? सासूबाई. आणि मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. "मी एमबीए करतेय" असं सांगितलं होतं, विचारलं नव्हतं.

काल विचारलं. त्या पडवळ चिरत होत्या. म्हणाल्या, "दुपारचं काही नाही, पोरगी झोपते. रविवारचं होत नाही मला. रविवारी तू अभ्यास करते, तो झोपतो, आन् दोघांचं पाहुणं मी करते." एवढंच. माझ्या रंगीत एक्सेलमध्ये रविवारचा सगळा दिवस हिरवा होता. हिरवा म्हणजे मोकळा.

शून्य_मैल
ऑडिट झालं म्हणायचं.

पहाटेचा_कोंबडा
मीही चार दिवस गप्प होतो. काकूंच्या प्रश्नाचा आधी राग आला होता, लिहून ठेवतो. मग बायकोला म्हटलं, त्या दोन वर्षांतलं तुला काय आठवतं? मला वाटलं फी, पैसे, माझी चिडचिड असं काही सांगेल.

ती म्हणाली, काडीपेटी. म्हटलं, काय? म्हणाली, "पहाटे चहा ठेवताना लायटर वाजलं की तुम्ही आतून 'श्शू' करायचे. मग मी दोन वर्षं काडीनंच गॅस लावला. तेवढ्यापुरती काडीपेटी आणत होते."

मला हे माहीतच नव्हतं. वर मी लिहिलं आहे, "दोन वर्षांत एक दिवस खंड नाही." कोणाचा नाही, ते लिहायचं राहिलं होतं. मूळ पोस्ट खोडत नाही, तशीच राहू द्या. ताई, नऊ भरा म्हणालो होतो ते मात्र मागे घेतो.

वाळ्याची_ताटी
कोंबडा भाऊ, आता चहा तुम्ही ठेवा. लायटर वाजवून.

पहाटेचा_कोंबडा
आजपासून सुरू केलं. साखर जास्त झाली.

बर्डी_जंक्शन
धागा मूळ प्रश्नावर आणतो. ताई, फॉर्म भरला का?

अर्धी_पोळी
भरला. पाच. क्वांटिटेटिव्ह, इकॉनॉमिक्स, फायनान्शिअल आणि नव्यातले दोन. असाइनमेंट मात्र सगळ्या टाकतेय. रविवार सकाळ सात ते अकरा माझी, अकरानंतर स्वयंपाकघर माझं आणि सासूबाई देवळात नाही तर बहिणीकडे. संध्याकाळी पाचपासून लेक. नवऱ्याच्या सी पाळीच्या आठवड्यात अभ्यास नाही, तो आठवडा एक्सेलमध्ये सरळ काळा केला.

साहेबांना ईमेलही केला. उत्तर आलं: "लेट्स सी." दोन शब्द. प्रिंट काढून ठेवली.

कशाला_उगाच
"लेट्स सी" म्हणजे नाही. कंपनी बदला. हे मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

अर्धी_पोळी
@कशाला_उगाच, रेझ्युमे लिहायला घेतलाय. एवढ्यापुरतं तुमचं ऐकलं.

बर्डी_जंक्शन
धागा वर काढतोय. डिसेंबरवाल्यांना सूचना: विधिमंडळाचं अधिवेशन त्याच दिवसांत असतं. सिव्हिल लाइन्स, मॉरिस कॉलेज टी पॉइंट, बर्डी, सगळीकडे मोर्चे आणि बॅरिकेड्स. दहाचा पेपर असेल तर साडेआठला निघा, गाडी घरी ठेवा, मेट्रो धरा.

शून्य_मैल
वर्षातून एक अधिवेशन इथं घ्यायचा नागपूर करार केला १९५३ ला मोठ्या लोकांनी, रिक्षात अडकून पेपर चुकवायचा आपण.

महालकर_वकील_होणार
अधिवेशनात माझी ड्यूटी लागली आहे. अभ्यास सोडा, जेवायला वेळ नाही. ज्यांचे पेपर आहेत त्यांना शुभेच्छा.

अर्धी_पोळी
झाले पाचही. उशिरा सांगतेय कारण झोपले होते, खरोखरच. दोन दिवस.

शेवटचा पेपर दोन ते पाच आणि त्याच संध्याकाळी मावसभावाचं लग्न. केंद्रातून थेट कार्यालयात गेले. नवऱ्यानं साडी पिशवीत घालून आणली होती. साडी बरोबर, ब्लाउज दुसऱ्याच साडीचा. अंगठ्याला आणि बोटाला निळी शाई तशीच. मामी म्हणाल्या, "मेंदी निळी कशी गं?" लेकीनं सगळ्यांना सांगितलं की आईची परीक्षा होती आणि आईनं पूर्ण पेपर लिहिला, हत्ती काढला नाही.

निकाल यायचाय. फायनान्शिअल छान गेला. इकॉनॉमिक्स निघेल. क्वांटिटेटिव्ह पुन्हा गेला असं वाटतंय. शेवटचा प्रश्न सुरू केला आणि घंटा झाली.

बर्डी_जंक्शन
जूनला काढू. टिपणं पाठवतो माझी, एमसीएचं गणित आहे पण उपयोगी पडेल.

सी_शिफ्ट
ताई, अभिनंदन. दिवाळीत गठ्ठा खाली आला तो या वेळी वर ठेवला नाही. उघडलाही नाही अजून. खुर्चीवर आहे.

तर्रीबाज
जूनला पेपर म्हणजे मे महिन्यात अभ्यास. ४५ अंशात. दुपारी लाइट गेली की पुस्तकावर घामाचे नकाशे.

अर्धी_पोळी
तर्रीबाज दादा, तेच मनात आहे. आमच्या कूलरच्या ताट्या मागच्याच वर्षी गेल्या, गवताच्या आहेत. वाळ्याच्या बऱ्या राहतील का? @वाळ्याची_ताटी काकू, तुमच्या आयडीवरून तुम्हालाच विचारावं म्हटलं.

वाळ्याची_ताटी
वाळ्याच्याच घे. महाग पडतात पण वास येतो आणि पोरगी दुपारची नीट झोपते. मार्चमध्येच घे, एप्रिलमध्ये भाव दुप्पट सांगतात. आणि पाणी भरायचं काम नवऱ्याकडे दे, सी पाळी असली तरी.